साडेचारशे रुपयांची लाल चावी

माझ्या जुन्या सोबत्यांनी हे वाचलं तर हसतील. हसू देत. कुर्ला कारशेडमध्ये छत्तीस वर्षं डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणाऱ्या विजेवरच्या, लोकलच्या पोटाखाली काढलेला फिटर मी, आणि घरच्या सोलरच्या बॅटरीला ट्रकचा कटऑफ, म्हणजे बॅटरी तोडायचा स्विच, लावून बसलो होतो. तोही घासाघीस करून आणलेला.

घर आमचं भांडुप पूर्वेला, गावठाणात. खाली दोन खोल्या, वर एक, त्यावर गच्ची. खाडी जवळ. थंडी सरताना गच्चीवरून फ्लेमिंगोंचे थवे दिसतात, पाहुणे आले की आम्ही ते आपलेच असल्यासारखे दाखवतो. त्याच खाडीचा खारा वारा खिडकीचे गज, सायकलची चेन, डिशचे बोल्ट, जे सापडेल ते खातो. हे पुढे कामाला येणार आहे.

बॅटरीचं डोक्यात आलं ते १२ ऑक्टोबर २०२० ला. त्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. सासूबाई तेव्हा आमच्याकडे होत्या, ऑक्सिजनचं मशीन लावलेलं. सिलिंडर मिळेपर्यंत जो वेळ गेला तो मला मिनिटामिनिटानं आठवतो, पण त्याबद्दल इथं लिहायचं नाही. वीज आल्यावर ही एवढंच म्हणाली, "अहो, जन्मभर रेल्वेच्या गाड्या धावत्या ठेवल्यात, आता घराचं बघा." सासूबाई आता नाहीत. सोलर लागायला मात्र गेलं वर्ष उजाडलं.

गच्चीवर ५४० वॅटची सहा पॅनेल, खाली तीन किलोवॅटचा इन्व्हर्टर आणि लिथियम फेरो फॉस्फेटची बॅटरी, ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर. आत सोळा सेल ओळीनं जोडलेले. बसवायला आलेला मुलगा चलाख होता, हात स्वच्छ चालत होता. पण बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यामध्ये त्यानं काहीच ठेवलं नव्हतं. सरळ केबल. मी विचारलं, बंद कुठून करायचं?

"काका, आत बीएमएस आहे की. काय झालं तर तोच तोडतो."

बीएमएस म्हणजे बॅटरीच्या आतलं राखण करणारं सर्किट. तो तोडतो हे खरं. पण तो तोडतो मॉसफेटनं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विचनं, आणि मॉसफेट मेला की बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच मरतो. म्हणजे ज्या दिवशी त्याची गरज, त्याच दिवशी करंटला दार उघडंच राहायचं. शिवाय इन्व्हर्टर उघडून काम करायचं तर मधे हवेची फट दिसली पाहिजे, ही आमची कारशेडची शिस्त. स्विच उघडला, कुलूप घातलं, चावी खिशात टाकली, मग हात आत. मुलानं बॅगेतून एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा ब्रेकर, काढला. ६३ अँपिअरचा, डबल पोल म्हणजे दोन्ही तारा एकदम तोडणारा, घराच्या मेन बोर्डात असतो तोच. त्यावर नागमोडी रेघ होती, म्हणजे एसी, दिशा बदलत राहणाऱ्या घरच्या विजेसाठीचा. काही चांगल्या कंपन्यांच्या एसी एमसीबीच्या माहितीपत्रकात एका पोलला अमुक व्होल्ट डीसी चालेल असंही दिलेलं असतं. ह्याच्याबरोबर पत्रकच नव्हतं. मी म्हटलं, राहू दे, स्विच मी आणतो. आयुष्य डीसीत गेलंय माझं.

हा माज नडला.

दुसऱ्या दिवशी कुर्ल्याला काम होतं. सीएसटी रोडवर गाड्यांच्या स्पेअरची दुकानं आहेत, तिथं लाल चावीचा कटऑफ दिसला. जाडजूड बोल्ट, चावी फिरवली की खट् असा भरदार आवाज. पुढे ठसठशीत १०० अँपिअर. सहाशे म्हणाला, साडेचारशेला दिला. घरी आणून दहा मिनिटांत लावला आणि स्वतःवर खूश झालो. मागची बाजू भिंतीकडे गेली, ती मी वाचलीच नाही.

मे महिन्यातला रविवार. मुलगी, जावई, नातू जेवायला. इंडक्शनवर भात, फ्रिज, तीन पंखे, मधूनमधून मिक्सर. मी डीसी क्लॅम्प मीटर लावून जावयाला दाखवत होतो, बघा, ५७ अँपिअर. तेवढ्यात ही आतून म्हणाली, "अहो, रबर जळल्यासारखा वास येतोय." मी म्हटलं, बाहेरून येत असेल. ती जिन्याखाली गेली, चावीजवळ हात नेला आणि मागे घेतला. "बाहेरून नाही, तुमच्या लाल चावीतून येतोय."

मी धावलो आणि चावी पकडायला हात पुढे केला. अर्ध्यावर थांबला. डोक्यानं थांबवला नसावा, हातालाच आठवण असते. भरल्या लोडवर डीसी तोडायचा नसतो, निदान कशानं तोडतोय हे माहीत असल्याशिवाय तरी नाही. ओरडून इंडक्शन बंद करायला लावलं, मग इन्व्हर्टर बंद केला, मग गच्चीची लाइन तोडली, आणि शेवटी, करंट शून्यावर आल्यावर, चावी फिरवली. खोलून मागची बाजू पाहिली तर बारीक अक्षरांत १२/२४ व्होल्ट.

माझी बॅटरी पूर्ण चार्जिंगला सोळा गुणिले ३.६, म्हणजे ५७.६ व्होल्टवर जाते. "४८ व्होल्टची सिस्टीम" हे नुसतं बोलायचं नाव आहे. स्विचवर ४८ लिहिलंय म्हणून खूश होणारासुद्धा चुकतोच, मी तर २४ वर खूश होतो.

नंतर, बाकी सगळं बाजूला ठेवून, थोडा वेळ तेवढाच लोड देऊन त्या चावीच्या दोन बोल्टांमध्ये मीटर धरला. १९० मिलिव्होल्ट. गुणिले ५७, म्हणजे जवळजवळ अकरा वॅट. डासांच्या लिक्विडचं मशीन पाच वॅटच्या आसपास खातं आणि तेवढ्यात तेल उडवतं. इथं तशी दोन मशीनं प्लास्टिकच्या डबीत कोंडलेली. खाऱ्या हवेनं आतल्या टिपा, म्हणजे एकमेकांना टेकणारी धातूची टोकं, काळ्या पडल्या होत्या, त्यामुळे महिन्यामहिन्यानं ती डबी जास्तच तापत गेली असणार.

पण गरम होणं ही तिची लहान चूक. मोठी चूक ती तोडताना दाखवली असती.

मुंबईची पहिली विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटीहून कुर्ल्याला आली, दीड हजार व्होल्ट डीसीवर. तेच डीसी २०१६ च्या एप्रिलमध्ये हार्बर लाइनवर संपलं. त्या ९१ वर्षांतला बराच काळ आमच्या खात्याचं काम म्हणजे करंट कसा तोडायचा, हेच. एसी बिचारा सेकंदाला शंभरदा स्वतःहून शून्यावर येतो. स्विचची टोकं थोडी लांब गेली की ठिणगी त्या शून्याला मरते. डीसीला शून्य नाही. टोकं लांब नेली की ठिणगी ताणली जाते, आणि फट कमी पडली तर ती तिथंच तोरणासारखी लटकून जळत राहते. बारा-तेरा व्होल्टच्या खाली ती फार तग धरत नाही, म्हणून बारा व्होल्टच्या गाडीत साधा कटऑफ खपून जातो. पन्नासच्या पुढे ती आरामात जगते आणि तांबं, पितळ, प्लास्टिक सगळ्याचा फडशा पाडते.

लोकलच्या कॉन्टॅक्टरमध्ये, म्हणजे करंट जोडायच्या-तोडायच्या मोठ्या स्विचमध्ये, याला उपाय होता ब्लोआऊट कॉइल. जो करंट तोडायचा तोच त्या कॉइलमधून जायचा, त्याचं चुंबकीय क्षेत्र आर्कला, म्हणजे त्या ठिणगीला, ढकलून वरच्या आर्क शूटमध्ये घालायचं, आणि तिथल्या पडद्यांमध्ये ताणून, थंड होऊन ती मरायची. शूट उघडलं की आत तांब्याचे बारीक मणी चिकटलेले असत. ते खरवडायचे, टिपा कानशीनं घासायच्या, फार खाल्ल्या असतील तर बदलायच्या. हे मी हजार वेळा केलं असेल. आणि तरी साडेचारशेच्या चावीत शूट आहे का, हे बघितलं नाही.

असो. पुढच्या मंगळवारी लोहार चाळ. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूनं शिरलो, जाताना कागदावर हिशोब करून नेला होता. तीन हजार वॅट काढायचे, बॅटरी उतरत आल्यावर ४६ व्होल्ट, इन्व्हर्टरची कार्यक्षमता नव्वद टक्के. तीन हजार भागिले ४६, भागिले ०.९, म्हणजे ७२-७३ अँपिअर. हिशोब भरल्या बॅटरीवर करायचा नाही. व्होल्टेज उतरलं की करंट चढतो, आणि आपल्याला चढलेला धरायचाय. त्यावर पाव भाग जास्त, म्हणजे नव्वद. बाजारातलं पुढचं माप १००.

दुसरा आकडा शॉर्टचा. बॅटरी, केबल, जोड सगळं मिळून वाटेत समजा १५ मिलिओहमचा रोध. ५२ भागिले ०.०१५, जवळजवळ साडेतीन हजार अँपिअर. तीन बोटं रुंद पाना टर्मिनलवर आडवा पडला तर एवढा करंट धावायला बघणार. तो तोडायची ताकद ब्रेकरवर किलोअँपिअरमध्ये लिहिलेली असते, आणि कुठल्या व्होल्टेजला ते सोबत वाचायचं असतं. डीसी व्होल्टेजसमोरचा आकडा, एसीसमोरचा नाही.

पहिल्या दुकानात शेठनं एसीचाच एमसीबी पुढे सरकवला. मी म्हटलं, ही नागमोडी रेघ, मला सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असलेला हवा. "काका, करंट म्हणजे करंट. रोज पन्नास जातात माझ्याकडून सोलरला." पन्नास घरांची काळजी वाटली, पण तिथं वाद घालून उपयोग नव्हता.

दुसऱ्या दुकानात डीसीचा रोटरी आयसोलेटर, म्हणजे हातानं फिरवून तोडायचा स्विच, निघाला, छान लाल-पिवळा दांडा. बारकाईनं वाचलं तर डीसी-२०. म्हणजे करंट नसताना उघडायचा. लोडवर उघडायचा तर निदान डीसी-२१ हवा. आयएस/आयईसी ६०९४७ या मानकाच्या तिसऱ्या भागात या श्रेण्या आहेत, दुसऱ्या भागात ब्रेकरचे नियम. दुकानदाराला श्रेणीचं काही माहीत नव्हतं, पण त्यानं चष्मा लावून माझ्याबरोबर वाचलं, यात मला तो माणूस आवडला. आयसोलेटर चांगला असला तरी तो शॉर्ट झाल्यावर स्वतःहून उडत नाही, हेही त्याला पटलं. म्हणून ब्रेकर बघायला लागलो.

त्यानं सोलरचा म्हणून जो डीसी एमसीबी दाखवला, त्याच्या टर्मिनलजवळ अधिक आणि उणे अशा खुणा होत्या. व्होल्टेज बरोबर, सरळ रेघ बरोबर, किंमत बरोबर. मी जवळजवळ घेतलाच होता. मग त्या खुणांवर नजर अडकली.

अशा खुणांच्या एमसीबीत आर्क ढकलायला कॉइलऐवजी कायमचे चुंबक असतात. लोकलच्या कॉइलची गंमत अशी, की करंटची दिशा उलटली तर तिचं क्षेत्रही उलटायचं. दोन्ही उलटल्यामुळे आर्कला धक्का मात्र त्याच बाजूला, शूटकडेच. कायमचा चुंबक काही उलटत नाही. करंट उलटा आला तर आर्क शूटकडे न जाता विरुद्ध बाजूला, ब्रेकरच्या यंत्रणेवर ढकलली जाते. पॅनेलच्या ओळीत हे चालून जातं, कारण तिथं करंट सहसा एकाच दिशेनं येतो. पण बॅटरी? दुपारी करंट आत जातो, रात्री बाहेर येतो. एकच ब्रेकर दिवसा सुलटा आणि रात्री उलटा. खुणा बघून नीट जोडला तरी दिवसातला अर्धा वेळ तो चुकीच्याच बाजूनं जोडलेला.

हे मी त्या दुकानदाराला काउंटरवर दोन पेनं ठेवून समजावलं. मागे उभा असलेला एक तरुण वायरमन म्हणाला, "काका, मी असे तीन ठिकाणी लावलेत बॅटरीला." तो हसत नव्हता. मी त्याला म्हटलं, घाबरू नकोस, पण बदल. आणि बदलताना आधी लोड बंद कर.

शेवटी घेतला तो दोन पोलचा डीसी एमसीसीबी, म्हणजे एमसीबीचाच दणकट भाऊ, १०० अँपिअर, अडीचशे व्होल्ट डीसीला दहा किलोअँपिअर, कोणत्याही दिशेनं चालेल असं पत्रकात स्पष्ट लिहिलेला, दांड्याला कुलूप लावायची सोय. साडेचार हजार. लाल चावीच्या बरोबर दहापट. त्याच्याबरोबर १२५ अँपिअरचा एचआरसी, म्हणजे मोठा शॉर्ट करंट तोडू शकणारा, फ्यूज, अंगावर डीसी व्होल्टेज छापलेला. गाडीतल्या म्युझिक सिस्टीमचे चपटे फ्यूज स्वस्त मिळतात, पण ते बहुतेक ३२ व्होल्टचे. ही चूक मी पुन्हा करणार नव्हतो.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरावर बसवला. ब्रेकरपर्यंतची केबल कुठं सोलली गेली तर ब्रेकर काही करू शकत नाही, तो तिच्या पुढे आहे. केबल ३५ स्क्वेअर एमएम, तिच्या टोकांचे लग कथलाचा मुलामा दिलेले, हायड्रॉलिक क्रिंपरनं दाबलेले. खाऱ्या हवेत उघडं तांबं हिरवं पडतं, म्हणून वरून हीटश्रिंक, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, आणि बोल्ट आवळल्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. आठवड्यानं पुन्हा पाना लावला तर दोन बोल्ट पाव आटा फिरले. नव्या ब्रेकरवर त्याच ५७ अँपिअरला एका पोलमध्ये चाळीस मिलिव्होल्टच्या आसपास येतात.

जागेवरून घरात दोन दिवस वाद झाला. मला ब्रेकर बॅटरीच्या डोक्यावर हवा होता, केबल कमी लागते म्हणून. ही म्हणाली, "बॅटरीतूनच धूर येत असला तर मी तिच्यावर वाकून हात घालू?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग ब्रेकर जिन्याच्या बाहेर, मागच्या दाराच्या चौकटीशेजारी गेला, हिच्या छातीच्या उंचीवर. स्टूल लागता कामा नये, ही तिची अट. बॅटरी अँगलच्या स्टँडवर, जमिनीपासून साडेतीन फूट. २६ जुलै २००५ ला आमच्या या खोलीत मांडीपर्यंत पाणी होतं. भिंतीवर तेव्हाची खूण अजून आहे, दरवेळी रंग देताना ही ती जागा सोडायला लावते.

ब्रेकर पहिल्यांदा चढवला तर खाडकन आवाज होऊन लगेच पडला. मला एक क्षण वाटलं, पुन्हा चुकलो. कारण साधं होतं. इन्व्हर्टरच्या आत मोठे कपॅसिटर असतात, ते रिकामे असताना बॅटरी एकदम जोडली की घोटभर पाण्याला घागर उपडी करावी तसं होतं. लॅमिंग्टन रोडवरून ४७ ओहम, दहा वॅटचा सिरॅमिक रेझिस्टर आणि एक पुश बटण आणलं, ते प्लसच्या पोलला समांतर जोडलं. आता मायनस पोलचा रस्ता? दोन्ही पोल एकदम उघडतात, म्हणजे तिकडेही फट. तेव्हा तसाच दुसरा रेझिस्टर तिकडे, आणि बटण दोन संपर्कांचं. तीन-चार सेकंद बटण दाबून ठेवायचं, दाबलेलं असतानाच दांडा वर. आता नुसतं टक् होतं.

बंद करायचा क्रम हिनं स्वतः तैलरंगानं पत्र्यावर लिहून ब्रेकरखाली ठोकला आहे. आधी इन्व्हर्टर. मग गच्ची, म्हणजे पॅनेलचा आयसोलेटर. मग बॅटरी. पॅनेल चालू ठेवून बॅटरी आधी काढली तर बऱ्याच इन्व्हर्टरना ते सोसत नाही, व्होल्टेज उसळतं. चालू करताना उलटं, आधी बॅटरी. पण पत्र्याच्या खाली तिनं आणखी एक ओळ लिहिली आहे, जाड अक्षरांत: "धूर असेल तर क्रम नाही. हा दांडा खाली आणि बाहेर." मी म्हटलं, इन्व्हर्टर जाईल. ती म्हणाली, जाऊ दे. त्यासाठीच साडेचार हजारांचा आणलाय ना? लोडवर तुटेल असा?

परवा पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ बघायला आले. त्यांच्याकडे दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या आहेत, २४ व्होल्ट, दीड हजार वॅटचा इन्व्हर्टर. म्हणाले, तुमच्या निम्मं माझं, मला पन्नासचा ब्रेकर पुरेल, नाही का? मी कागद पुढे ओढला. दीड हजार भागिले २२, भागिले ०.९. पंच्याहत्तर. वर पाव भाग. वॅट निम्मे, पण व्होल्टही निम्मे. तुम्हालाही शंभरचाच.

त्यांनी कागद उलटा-सुलटा करून पाहिला, खिशात घातला आणि विचारलं, "ती तुमची जुनी लाल चावी पडून आहे का हो? २४ ला चालेल ना?"

ही आतून म्हणाली, "ती भंगारात गेली. चहा घ्या."